खचलेल्या मंडळीला काय सांगायचं, आणि काय सांगू नये

प्रश्न थोडक्यात असा: "नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीत मी पाळक म्हणून आलो, त्याला दुसरं वर्ष लागलं. कोरोनात मंडळीतली नऊ माणसं गेली. पुढं पावसानं दगा दिला, घरटी कर्ज आहे. रविवारी सत्तर-ऐंशी माणसं यायची, आता पंचवीस येतात. घंटा वाजवणारे मंडळीचे एक वडील, म्हणजे कारभारी ज्येष्ठ, मुलगा गेल्यापासून चर्चची पायरी चढले नाहीत. भेटायला गेलो तर म्हणाले, 'माझ्यासाठी प्रार्थना करू नका.' मी विश्वासावर संदेश देतो, वचनं सांगतो, काही उपयोग होत नाही. लोकांचा विश्वास टिकावा म्हणून काय करू?"

जय ख्रिस्त.

"विश्वास टिकवा" असं सांगून कोणाचा विश्वास टिकत नाही, हे मला फार उशिरा कळलं. चौतीस वर्षं पाळकपण केलं, बहुतेक सगळं नेवासे-पाथर्डी भागात. त्यातली पहिली दहा वर्षं मीही तुमच्यासारखे विश्वासावर संदेश दिले. चांगले असायचे. ज्यांचं बरं चाललं होतं त्यांना आवडायचे.

एक चूक सांगतो. वस्तीवर चार वर्षांच्या पोराला साप चावला. तालुक्याच्या दवाखान्यात नेता नेता ते जीपमध्येच गेलं. दफनाच्या वेळी मी मातीपाशी उभा राहून म्हणालो की देवाला आपल्या बागेत फूल हवं होतं, त्यानं खुडून नेलं. कोणाकडून तरी ऐकलेलं वाक्य होतं, मला तेव्हा सुंदर वाटलं होतं. पोराच्या आईनं मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यानंतर दोन वर्षं ती उपासनेला आली नाही. शेवटी मीच गेलो. ती खुरपत होती. बांधावर बसलो आणि म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. देवानं असं काही केलं हे मला ठाऊक नव्हतं, उगाच बोललो." ती खुरपं न थांबवता म्हणाली, "तुमचं पोर नेलं असतं म्हंजी कळलं असतं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दिलंही नाही. तासभर बसलो, पाणी प्यालो, निघालो. पुढं दर पंधरा दिवसांनी जात राहिलो. काही महिन्यांनी ती एका रविवारी आली आणि चपलांपाशी बसली.

बायबलातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांना आपण फार नावं ठेवतो, पण दुसऱ्या अध्यायाचा शेवट वाचा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. "देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याचीच परीक्षा घेतो", "त्याची इच्छा", "यातही काही चांगलंच असेल" ही सगळी त्या मित्रांची भाषा आहे, आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, त्यांच्यावर.

म्हणून माझं पहिलं सांगणं: काही रविवार विश्वासावर संदेश देऊच नका. रडगाणं गा. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपल्याकडे रडगाणं म्हणजे वाईट सवय मानतात, पण स्तोत्रसंहितेतली तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्तोत्रं रडगाणीच आहेत. तेरावं स्तोत्र सुरुवातीलाच चार वेळा देवाला "कोठवर?" असं विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर काळोखात सुरू होतं आणि काळोखातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, तरी कोणी ते बायबलातून काढून टाकलं नाही. उपासनेत ते मंडळीकडून मोठ्यानं वाचून घ्या. वाचून झालं की लगेच पेटीवाल्याला खूण करू नका. दोन मिनिटं शांत बसू द्या. दोन मिनिटं किती लांब असतात ते तुम्हाला त्या दिवशी कळेल. कोणी हुंदका दिला तर देऊ द्या.

वडील मंडळींपैकी कोणीतरी उपासना संपल्यावर तुम्हाला गाठून म्हणेल, "पाळकसाहेब, अशानं लोक आणखी खचतील." मला म्हणाले होते. मी त्यांना वधस्तंभावरच्या हाकेची आठवण करून दिली: "माझ्या देवा, तू मला का सोडलंस?" हा प्रश्न प्रभूनं विचारला आणि तोही बाविसाव्या स्तोत्रातून उचलून विचारला. "का" विचारणारा माणूस देवाला सोडून गेलेला नसतो, तो अजून देवाशीच बोलत असतो. बोलणं बंद पडतं तेव्हा काळजी करायची.

आता वचनांबद्दल. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात, व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फिरणारं एक वचन आहे, यिर्मया २९:११. तुमच्या हिताचे संकल्प, भावी सुस्थितीची आशा. सुंदर आहे. पण त्याच्या आधीचं, दहावं वचन काय म्हणतं? सत्तर वर्षं. बाबेलात सत्तर वर्षं काढाल, मग. ज्या बंदिवानांना यिर्मयाचं ते पत्र गेलं त्यातल्या पिकल्या केसांच्या माणसांना घर पुन्हा दिसणार नव्हतं. त्यांच्यासाठी निरोप पाचव्या वचनात आहे: घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. अकरावं वचन एकटं तोडून दिलं की माणूस पुढच्या महिन्यात कर्ज फिटायची वाट बघतो, आणि फिटलं नाही की त्याला वाटतं एकतर देव खोटा किंवा माझाच विश्वास कमी. पाचव्यापासून वाचलं तर निदान पेरणीला लागतो. तसंच विश्वासवीरांची यादी असलेल्या इब्री अकराचं. सिंहांची तोंडं बंद केली इथपर्यंत आपण जोरात वाचतो. पस्तिसाव्या वचनाच्या मध्यावर "दुसरे कित्येक" येतात, ज्यांची सुटका झाली नाही, तिथं आपला आवाज उतरतो. तुमच्या मंडळीत बहुतेक लोक "दुसरे कित्येक" आहेत. त्यांना त्यांचं नाव त्या यादीत दाखवा.

हबक्कूकाच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट तर आपल्या दुष्काळी भागासाठीच लिहिल्यासारखा आहे. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत. एका वर्षी आमच्या तरुण संघाच्या पोरांनी ते आपल्या पिकांवर बसवून वाचलं: बाजरी करपली, तुरीला शेंग नाही, कपाशीचा पाला झाला, गुरं छावणीत. मागं बसलेले शेतकरी पहिल्यांदाच वचन वाचताना पुढं झुकून ऐकत होते. त्यानंतरचं "तरी", म्हणजे तरीही देवात आनंद करीन, हे कसं म्हणायचं ते मी त्यांना सांगितलं नाही. जो म्हणू शकेल तो म्हणेल.

जो म्हणू शकत नाही, त्याचं काय? माझ्या मते सगळा प्रश्न इथं आहे, म्हणून थोडा थांबतो. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमात चार माणसं एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, दारात गर्दी म्हणून छप्पर उकलतात आणि त्याला खाली सोडतात. येशूनं काय पाहिलं? "त्यांचा विश्वास." अनेकवचन आहे. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथं वेगळा शब्द नाही. होता की नव्हता, कोणास ठाऊक. तो एक शब्दही बोललेला नाही. मंडळी म्हणजे हे. दर वेळी कोणीतरी बाजेवर असतं आणि चौघं धरून असतात. पुढच्या वर्षी जागा बदलतात. आपण मात्र बाजेवरच्या माणसाला "उठा, विश्वास धरा" म्हणत राहतो आणि छपराकडे कोणी बघत नाही.

तर पाळकाचं काम विश्वास वाटण्याचं नाही, बाजेला चार खांदे जमवण्याचं आहे. पंचवीस येतात म्हणालात. पंचविसांत सहा बाजा निघतात, एक माणूस उरतो. तो तुम्ही.

थोडं व्यवहाराचं बोलू. न आलेल्यांची यादी करा, पण हजेरीपटासारखी नको. कोणाकडे कोण जाऊ शकेल अशी करा. विधवेकडे विधवा, कर्जवाल्याकडे कर्जातून सावरलेला. "एकत्र मिळणे सोडू नका" हे इब्री १०:२५ आपण न येणाऱ्यांच्या डोक्यात काठीसारखं घालतो. त्याच्या आधीचं वचन एकमेकांची काळजी घेण्याबद्दल आहे आणि ते आलेल्यांना उद्देशून आहे. भेटीला जाल तेव्हा "दिसला नाहीत बऱ्याच दिवसांत" हे वाक्य घरी ठेवून जा. आणि महिला मंडळात स्पष्ट सांगा की "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" असं म्हणून दुसऱ्याच्या घरातलं सांगायचं नाही. हसू येईल, पण या एका वाक्यामुळं माणसं दुःख लपवतात आणि मग यायची थांबतात.

मूठ सुरू करा. मिझोराममध्ये शंभराहून अधिक वर्षं ख्रिस्ती बायका रोजच्या स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि चर्चला देतात. त्यांची चर्चची कामं त्यावर उभी राहिली. आमच्याकडे आम्ही ज्वारी-बाजरीची मूठ काढली. महिन्याला दोन-तीन पायल्या जमायच्या. ज्या घरी चूल थंड आहे तिथं रात्री जाऊन ठेवायच्या, नाव न सांगता. गंमत म्हणजे ज्यांना धान्य जायचं त्यांच्याही घरात मूठ काढलेली असायची. मी एकीला म्हणालो, तुम्ही कशाला काढता? ती म्हणाली, "माझ्यापरीस कोण तरी आसंलच की."

ऊसतोडीला जाणारी घरं तुमच्याकडे नक्की असतील. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी निघतात ती थेट मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे आगमनकाळ, नाताळ, बहुतेक सगळा उपवासकाळ त्यांचा फडात. रविवारी बाकं रिकामी दिसतात त्याचं अर्धं कारण हे असतं आणि आपण त्याला विश्वास कमी झाला असं म्हणतो. निघण्याआधी त्यांच्यासाठी वेगळी उपासना घ्या, कोणता कारखाना, कोणता तळ, फोन कोणाचा चालू असतो, हे लिहून घ्या. आणि नाताळात तिथं जा. मी बारा-तेरा नाताळ तिथल्या कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांत, केले. माणसं पहाटे तीनला उठलेली असतात, संध्याकाळी कोयते टेकवून बसतात तेव्हा अंगात त्राण नसतं. वीस मिनिटांच्या वर एक मिनिट घेऊ नका. टाळ न्या, पेटी नको. लहान पोरांसाठी काहीतरी गोड न्या. दानपेटी नेऊ नका. गव्हाणीत जन्मलेल्या बाळाची गोष्ट बैलांच्या शेजारी वाचली जाते तेव्हा समजावून सांगावी लागत नाही. ही माणसं एप्रिलात परत येतात तेव्हा चर्चमध्ये यायला त्यांना संकोच वाटत नाही, कारण चर्च तिकडं येऊन गेलेलं असतं.

भजनांचा मात्र आधार घ्या. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ओव्या, अभंग, कीर्तन आपल्या उपासनेत आणलं, ते नुसत्या हौसेनं नाही. ज्याला प्रार्थनेचे शब्द सापडत नाहीत त्याच्या तोंडात पाठ असलेलं भजन असतं. 'उपासना संगीत' या भजनपुस्तकातली जुनी भजनं म्हाताऱ्या बायांना पुस्तकाशिवाय येतात. त्यांना पुढं बसवा. तरुणांची नवी गाणी असू द्यात, पण कीबोर्डाच्या आवाजात रडता येत नाही असं मला आपलं वाटतं. वयाचा दोष असेल.

हंगामाचा सण, म्हणजे पिकलेलं चर्चमध्ये आणून त्याचा लिलाव करायचा तो, दुष्काळात रद्द करतात, ते करू नका. एका वर्षी आमच्याकडे कमिटीनं ठरवलं होतं की काही पिकलंच नाही, सण कसला? मी म्हणालो, जे आहे ते आणा. कोणी टँकरचं पाणी तांब्यात आणलं, कोणी चार कांदे. एका आजीनं रिकामं सूप आणून प्रभुभोजनाच्या मेजापाशी ठेवलं. एक वडील ते उचलायला गेले, मी हातानं थांबवलं. लिलावाच्या वेळी सुपाला काय बोली लावायची ते कोणाला कळेना, शेवटी लिलावच झाला नाही. आजी सूप घरी घेऊन गेली. त्या वर्षीचा सण लोकांच्या लक्षात आहे, भरल्या वर्षांचे कोणाला आठवत नाहीत.

नऊ जणांच्या दफनाचं काय झालं, ते तुम्ही लिहिलं नाही. माझा अंदाज आहे की झालं असेल कसंबसं: दोन-चार माणसं, प्लॅस्टिकच्या पोशाखातले कर्मचारी, भजन नाही, खांदा नाही. राज्यात चर्चची दारं नोव्हेंबर २०२०मध्ये उघडली, मग पुन्हा बंद झाली, आणि ऑक्टोबर २०२१मध्ये परत उघडली. उघडल्यावर सगळे जणू काही झालंच नाही असे कामाला लागलो. ती नऊ माणसं अजून नीट पोचवलेली नाहीत. पुनरुत्थानदिनाच्या (ईस्टरच्या) पहाटे दफनभूमीत उपासना घेता ना? या वेळी तिथं नऊ नावं एकेक करून घ्या, घरच्यांना माती टाकू द्या, प्रत्येकासाठी एक कडवं म्हणा. वेळ लागेल. सूर्य वर येऊ द्या.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपण धैर्याचा पुतळा म्हणून देतो, तसं देऊ नका. त्यांचं खरं आयुष्य सांगा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, १८८०मध्ये भाऊ, १८८२मध्ये पटकीनं नवरा. मांडीवर मूल. हे सगळं ख्रिस्ती होण्याच्या आधीचं. १८८३मध्ये बाप्तिस्मा झाला म्हणून दुःख थांबलं नाही. स्वतः दुष्काळातून वाचलेली ही बाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुली-बायका घेऊन आली, त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. जुलै १९२१मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. मूळ भाषांवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचं काम तेव्हा चालू होतं. ते त्यांनी थांबवलं नाही. एप्रिल १९२२मध्ये त्या गेल्या, आणि पूर्ण बायबल छापून आलं ते १९२४मध्ये. लेकीच्या मरणानंतरच्या त्या नऊ महिन्यांत त्यांच्या मनात काय चाललं असेल ते आपल्याला माहीत नाही, आणि तुम्हीही व्यासपीठावरून ते माहीत असल्यासारखं बोलू नका. हातातलं काम चालू होतं, एवढंच सांगा.

एक दुःख असं आहे की ते प्रार्थनेच्या यादीत कधी येत नाही. आपल्या भागातली बहुतेक ख्रिस्ती घरं महार-मांग समाजातून आलेली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे गावकुसाबाहेरचं राहणं तेच आणि कागदावर मात्र वेगळे. पोराला त्या सवलतीतली शिष्यवृत्ती नाही म्हणून बाप दाखल्यावर एक लिहितो आणि रविवारी दुसरं जगतो, आणि आतून स्वतःला खोटा समजतो. त्याच्यावर संदेशातून ताशेरे ओढू नका. त्याच्याजवळ बसा. हा भार त्यानं एकट्यानं निर्माण केलेला नाही.

आता जिथं हयगय नको अशी गोष्ट. कर्जानं पिचलेला माणूस "आता सगळं संपवावं वाटतं" म्हणाला, किंवा अचानक फार शांत झाला, देणीघेणी मिटवू लागला, तर त्याला त्या रात्री एकटं सोडू नका. विष आणि औषधाचे डबे घरातून हलवा, घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे तुम्ही स्वतः घेऊन जा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो नंबर चर्चच्या फळ्यावर लिहून ठेवा. आणि कोणी बाहेरचा प्रचारक तंबू ठोकून "गोळ्या सोडा, विश्वास धरा" म्हणू लागला तर मंडळीला उघड सांगा की हे ऐकू नका. इन्सुलिन सोडून गेलेल्या एका बाईचं दफन मी केलंय. संदेष्टा एलीया थकून झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूतानं त्याला संदेश दिला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून परत भाकर दिली. बोलणं नंतर, डोंगरावर.

तीच गोष्ट तुमच्यासाठी. तुमच्या पत्रातून मला तुमचाही थकवा ऐकू आला. नऊ घरांचं दुःख ऐकून कोणी तसाच राहत नाही. पगार वेळेवर होतोय का, ते लिहिलं नाहीत, मी विचारणार नाही, मला माहीत आहे. आठवड्यातला एक दिवस फोन बंद ठेवा. शेजारच्या पाळकाला महिन्यातून एकदा भेटा आणि चर्चबद्दल बोलू नका. मराठीत बायकोलाही मंडळी म्हणतात, ते विसरू नका. मी चर्चच्या मंडळीपायी घरच्या मंडळीला फार वाट बघायला लावलं.

आणि ते घंटा वाजवणारे वडील. "माझ्यासाठी प्रार्थना करू नका" म्हणाले ना? त्यांच्यासमोर करू नका. शब्द पाळा. उपासनेत नाव घेऊन तर नाहीच. पण जात राहा. उठलेला येशू शिष्यांना दिसला त्या पहिल्या रविवारी शिष्य थोमा नव्हता, आणि परत आल्यावरही "मी नाही मानत" म्हणाला, तरी बाकीच्यांनी त्याला बाहेर काढलं नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता, दार बंद असलेल्या त्याच घरात. त्या आठ दिवसांत त्यांनी त्याला काय सांगितलं, ते योहान लिहीत नाही. बहुधा जेवायला वाढलं असेल.

वडिलांना मुलाबद्दल विचारा. तो कसा होता, काय खायचा, गाडी कशी चालवायचा. मेलेल्या मुलाचं नाव घ्यायला गाव घाबरतं आणि बापाला तेच नाव कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं असतं. चहा दिला तर घ्या. बायबल पिशवीतच राहू द्या.

घंटा सध्या कोण वाजवतंय? कोणीतरी पोरगा वाजवत असेल, वाजवू द्या. पण कमिटीनं ते काम दुसऱ्या कोणाच्या नावावर लिहायचं काढलं तर तेवढं लांबणीवर टाका. त्यांचं घर चर्चपासून किती लांब आहे? ऐकू जात असेल तर पोराला सांगा, घाई न करता वाजव, ते वाजवायचे तितकेच टोले दे.